कागदाचं मडगार्ड

रविवार, रात्री साडेअकरा

आज दिवसभरात पत्र्याला कात्री लावलीच नाही, नुसता कागद कापत बसलो होतो, तरी महिन्याभरातलं सगळ्यात मोठं काम आज झालं असं वाटतंय.

बाबांची पद्मिनी गाडी, ८६ चं मॉडेल, कुर्ल्याच्या कारखान्यातनं आलेली. मागचं डावं मडगार्ड चाकाच्या मागं खालच्या कोपऱ्यात पार सडलंय. कोल्हापूरचा पाऊस आणि आत साठून राहणारा चिखल, दुसरं काय होणार. वरनं लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली म्हणून इतकी वर्षं कळलं नाही, खरवडत गेलो तर बोटभर जाड लांबी आणि तिच्याखाली पत्राच नाही. तयार पॅनल शोधून झालं, जे मिळालं ते दुसऱ्या गाडीचं कापलेलं आणि तेही असंच सडलेलं. मग घडवायचंच ठरलं.

मागच्या महिन्यात दाराखालच्या पट्टीला मी आधी ग्राइंडर लावला आणि मग फर्म्याचा, म्हणजे आकाराच्या नमुन्याचा, विचार केला. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून मिस्त्रींनी दाराच्या चौकटीत आधी आडवा पाइप टाकून घेतला होता, तेवढं बरं झालं, नाहीतर दारच बसलं नसतं. पण कापलेला तुकडा हातात आला तो भुग्यासारखा, मूळ आकार काय होता ते सांगणारं काहीच उरलं नाही. दोन वेळा पत्रा वाया गेला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "कागद चुकला तर दुसरा घेता येतोय, आधी कागदावर बसवून दावा."

म्हणून आज उजव्या बाजूचा तोच कोपरा फर्म्यासाठी घेतला, तो शाबूत आहे. आधी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळीकडं फिरवून पाहिलं, कारण तिथंही लांबी असेल तर आपण लांबीचाच फर्मा काढत बसणार. चुंबक सगळीकडं घट्ट चिकटलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मग जुन्या कॅलेंडरची जाड पानं चुंबकांनी लावली आणि पेन्सिल आडवी धरून कडेनं घासत गेलो, कडा, स्पॉट वेल्डिंगचे खड्डे, सगळं कागदावर उमटलं.

सपाट भागावर कागद छान बसला, पण खालच्या गोलाईवर चुण्याच चुण्या. तास दीड तास झटत होतो. आई चहा घेऊन आली, जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे असा कागद ओढू नकोस, फाटेल. टक्स घे तिथं." तिनं कितीतरी वर्षं शिवणक्लास चालवला, ब्लाऊजचं पेपर कटिंग करूनच बायकांना शिकवायची. आणि खरंच तेच गणित आहे! गोलाईच्या कडेला काप दिले तसा कागद एकमेकांवर चढला, म्हणजे तिथं पत्रा जास्त होणार, कड आवळून घ्यायची नाहीतर मधला भाग रेतीच्या पिशवीवर ठोकून फुगवायचा. चाकाच्या कमानीची आत वळणारी किनार मात्र उलटी, तिथं काप दिले की फाकतात, म्हणजे पत्रा कमी पडणार, ती कड ठोकून ताणावी लागणार. चढलं तिथं निळं स्केचपेन, फाकलं तिथं लाल. पत्र्याला कुठं काय करायचं ते कागदानं आधीच सांगून टाकलं, मला हे फारच सुंदर वाटलं.

पण कागद गोलाईची खोली सांगत नाही. त्यासाठी फायलीच्या पुठ्ठ्याचे पाच आडवे फर्मे केले, दर पाच सेंटिमीटरला एक. गाडीवर मास्किंग टेप लावून त्यावर आणि पुठ्ठ्यावर तेच नंबर टाकले. प्रत्येक फर्मा कानशीनं घासत घासत, मागनं टॉर्च मारून कुठनं उजेड येतो ते बघत बसवला. याला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा.

डावीकडं लावताना फर्मा उलटायचा, म्हणून नव्या बाजूवर मोठ्या अक्षरात "डावं - बाहेर" लिहिलं. दोन्ही बाजू मिलीमीटरपर्यंत सारख्या असतीलच असं नाही, त्यामुळं चारी बाजूंनी १५ मिलीमीटर जास्त ठेवलंय, शेवटची कड डावीकडच्या चांगल्या पत्र्याला लावूनच कापायची. पत्रा २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड), जाडी साधारण ०.९ मिलीमीटर.

संध्याकाळी तो कागद टेपनं डाव्या बाजूला भोकावर चिकटवला आणि मागं सरकून पाहिलं. पिवळटलेल्या कागदाचा का असेना, कोपरा पुरा दिसत होता, मी कॉलेजात असताना बाबा दर रविवारी पुसायचे तेव्हा दिसायचा तसा. आईला बोलावून दाखवलं. ती काही बोलली नाही, एका कडेला सुटलेली टेप नीट दाबून बसवली.

फर्म्याला घडी घालायची नाही, नाहीतर घडीची रेघ पत्र्यावर उतरते. म्हणून कागद आणि पाचही पुठ्ठे दोऱ्यात ओवून तिच्या ब्लाऊजच्या कटिंगशेजारी खिळ्याला टांगून ठेवलेत.