त्या दिवशीचा वार्ताफलक

1971 च्या जूनमध्ये मी दक्षिण कोकणातल्या एका खाडीकाठच्या हायस्कुलात मराठी शिकवायला रुजू झाले. माहेर कोल्हापूर, वय चोवीस, समुद्र त्याआधी दोनदाच पाहिलेला. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती, आमचा पत्ता रत्नागिरी जिल्ह्याचाच. नव्या बाईंच्या वाट्याला जी कामं येतात ती माझ्याकडे आली: स्नेहसंमेलन, वर्षअखेरीचं हस्तलिखित आणि वार्ताफलक.

फलक म्हणजे व्हरांड्यात घंटेशेजारी टांगलेला एक जुना फळा. डाव्या कोपऱ्यात तारीख आणि वार, उजव्या कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा, मधल्या जागेत बातम्या. भरती-ओहोटी कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. शाळेतली तिसरा हिस्सा मुलं खाडीपलीकडून तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, यायची. पूर्ण ओहोटीला ही तर चिखलात बसायची, मग तास-दीड तास धक्क्यावर ताटकळायचं. ती मुलं बातम्या वाचोत न वाचोत, उजवा कोपरा वाचून घरी जायची.

हेडमास्तर बेचाळीसच्या चळवळीतले. शाळकरी वयात त्यांनी रात्री जागून बुलेटिनांच्या प्रती हाताने उतरवल्या होत्या आणि सायकलच्या सीटखाली दडवून गावोगाव पोचवल्या होत्या. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओबद्दल ते मुलांना इतक्या आवडीने सांगत, की तास संपल्याचं भान राहत नसे. फलकात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नाही. त्यांचा नियम एकच होता: प्रत्येक बातमीखाली ती कुठून आली ते लिहायचं. ‘आकाशवाणी’, ‘कालचं वर्तमानपत्र’, ‘ग्रामपंचायत’. ज्या बातमीखाली काही लिहिता येत नाही ती फलकावर नाही.

फलक चालवणारी चार मुलं अकरावीतली होती. शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीला असे. त्यातल्या दोघांबद्दल मला लिहायचं आहे. नावं लिहीत नाही. एक पोस्टमास्तरांचा मुलगा. बातम्या गोळा करायचं काम त्याचं. दुसरी खाडीपलीकडची मुलगी. तिचे काका रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, असत, वडील नव्हते. तिचं अक्षर असं, की शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले की आधी फलकापाशीच थांबत. भरती-ओहोटीच्या वेळाही तीच घरून विचारून आणायची. तिचा मोठा भाऊ मॅट्रिक होऊन नौदलात गेला होता. त्याचा पत्ता आम्हा सगळ्यांना पाठ होता, कारण राखी पाठवताना वर्गातल्या मुलींनी मिळून तो पाकिटावर लिहिला होता: आयएनएस खुकरी, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई.

3 डिसेंबरला शुक्रवार होता. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. गावात वीज आलेली नव्हती. हेडमास्तरांच्या ओटीवर ट्रान्झिस्टरभोवती, कंदिलाची वात बारीक करून, निम्मं गाव बसलं होतं. शनिवारी सकाळची शाळा. मी पोचले तेव्हा फलक काठोकाठ भरला होता आणि ज्यांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती अशी माणसंही व्हरांड्यात उभी होती. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला पाचवीतलं एक पोर मोठ्याने वाचून दाखवत होतं.

त्यानंतरचे दिवस मला एका दमात आठवतात. मुलांनी भूगोलाच्या नकाशावरून पूर्व पाकिस्तानचा मोठा नकाशा काढून भिंतीला लावला. जेसोर, खुलना, कोमिल्ला ही नावं मालवणीत बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी सहज रुळली. जेसोर पडलं त्या दिवशी नकाशावर पहिली टाचणी लागली. कराची बंदरावर आपल्या नौदलाने 4 तारखेच्या रात्री हल्ला चढवला, ती बातमी तिने लाल खडूने लिहिली आणि खाली ज्वाळा काढल्या. निपात, निर्घात, वीर ही त्या क्षेपणास्त्र नौकांची नावं आम्हाला कितीतरी नंतर कळली. मुलं तिला मात्र त्याच दिवशी विचारत होती, “तुझो भाव गेल्लो काय कराचीक?”

“माका म्हायत नाय,” ती म्हणायची. पण त्या दिवशी तिने वेणीला नवी रिबन बांधली होती.

मीही त्या भरात होते, हे लिहिलं पाहिजे. तालुक्याच्या शाळेचा फलक आमच्या आधी लागतो, असं कुणीतरी सांगितलं आणि ते मला लागलं. मी पोस्टमास्तरांच्या मुलाला म्हणाले, “तार तुझ्या घरात येते. गावात सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं. तुझ्या बातम्या अशा शिळ्या का?” तो काही बोलला नाही. पोस्टमास्तरांचं बिऱ्हाड ऑफिसच्या मागच्याच दोन खोल्यांत होतं, मध्ये एक पातळ भिंत. तारयंत्राची कडकट्ट ऐकत ऐकत त्या मुलाला मोर्स, म्हणजे तारेची सांकेतिक लिपी, कळायला लागली होती, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनाही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यातली ती सकाळ. मी सव्वादहाला पोचले तेव्हा ती स्टुलावर उभी होती. तारीख, वार, भरती-ओहोटी लिहून झालं होतं. खाली सगळा फळा काळा. तो हात मागे बांधून शेजारी उभा.

“बातम्या कुठे आहेत?”

“आज नाहीत, बाई.”

“रेडिओ ऐकला नाहीस?”

“ऐकला.”

“मग?”

तो जमिनीकडे बघत राहिला. माझा पारा चढला. इतक्या लोकांचं लक्ष फलकाकडे लागलेलं, आणि हा आळस करतो! मग तीच मदतीला धावली. म्हणाली, “बाई, मी सांगते. तरीवर मुंबईहून आलेले एकजण होते. ते म्हणत होते, आपलं एक जहाज...” आणि तिने फळ्याला खडू लावला.

त्याने तिच्या हातातून खडू हिसकावून घेतला. खडू मोडला. “नको लिहू!” तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की खालचे वर्ग बाहेर आले.

मुंबईच्या प्रवाशाने सांगितलेली बातमी हेडमास्तरांच्या नियमात बसत नव्हती. ती मी लिहूच दिली नसती. म्हणजे तो करत होता ते बरोबरच होतं. पण मला दिसला तो फक्त मुलीच्या हातून खडू ओढणारा मुलगा. मी त्याला पहिले दोन तास अंगणात उन्हात उभं केलं. तिथून खाडी दिसते. तो शाळेकडे पाठ करून खाडीकडे बघत उभा राहिला. त्याचाही मला रागच आला.

नंतर सगळं जुळवलं तेव्हा कळलं ते असं. तार सकाळी आली. पोस्टमन ती घेऊन पलीकडे जाणाऱ्या तरीत बसला, त्याच वेळी ती अलीकडे येणाऱ्या तरीत होती. खाडीच्या मध्यावर दोन्ही होड्या एकमेकींजवळून गेल्या. पोस्टमनने तिला नेहमीसारखा हात केला आणि तिनेही केला. हे त्या मुलाने धक्क्यावरून पाहिलं होतं. शाळेत तिच्या आधी पोचावं म्हणून तो धावत आला होता.

तिसऱ्या तासाला मी अकरावीवर कविता शिकवत होते. दारात तिचे काका उभे राहिले. अंगावर रापणीचे ओले कपडे, हातात तारेचं पाकीट, उघडलेलं. त्यांनी मला बोटाने बाहेर बोलावलं. तिच्याकडे बघितलं नाही.

“पोस्टमनान वाचूक नाय,” ते म्हणाले. “म्हणालो, शाळेत बाईंकडसून वाचून घे.”

हेडमास्तर युद्धनिधीच्या बैठकीला तालुक्याला गेले होते. मी काकांना त्यांच्या खोलीत नेलं. मजकूर इंग्रजी, थोडक्याच ओळींचा. एकदा वाचून मला कळलं, पण दोनदा वाचला, कारण कळलं म्हणजे बोलावं लागणार होतं. जहाज बुडालं होतं आणि त्यांचा पुतण्या ‘मिसिंग’ होता.

मी मराठीची शिक्षिका. शब्दाला शब्द देणं हे माझं काम. ‘हरवला’ म्हणावं तर जत्रेत मूल हरवतं. ‘सापडत नाही’ म्हणावं तर वस्तू सापडत नाही. वर्तमानपत्रात ‘बेपत्ता’ लिहितात. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. आणि याचा पत्ता तर आमच्या मुलींनी पाकिटावर लिहिला होता, माझ्या डोळ्यांसमोर होता.

“जहाज बुडालं,” मी म्हणाले. “तो अजून मिळालेला नाही.”

“म्हंजे आसा की नाय?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“सोदतत?”

मी “हो” म्हणाले. शोधतात की नाही, हे त्या कागदावर कुठेही नव्हतं. जूनपासून मुलांना सांगत आले होते, की ज्याच्याखाली काही लिहिता येत नाही ते लिहायचं नाही. त्या खोलीत मी तेच केलं. आजही तो प्रश्न तसाच समोर आला तर काय म्हणेन, हे मला ठरवता आलेलं नाही.

तिला बोलावलं. तिने तार काकांच्या हातून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. रडली नाही. तारेची नीट घडी करून इंग्रजीच्या पुस्तकात ठेवली, दप्तर भरलं आणि काकांच्या पुढे चालायला लागली. व्हरांड्यातून जाताना फलकापाशी ती क्षणभर थांबली. मला वाटलं, आता पुसेल. ती फक्त उजव्या कोपऱ्याकडे बघत होती. ओहोटी लागली होती. तर चिखलात बसलेली असणार होती.

खरंच, काका-पुतणी धक्क्यावर तासाहून जास्त वेळ बसून होती. मी वर्गात परत जाऊ शकले नाही, व्हरांड्यातून बघत राहिले. थोड्या वेळाने पाहिलं तर पोस्टमास्तरांचा मुलगाही तिथे होता. शिक्षा संपल्यावर कुणाला न विचारता गेला होता. जरा अंतर ठेवून, पाण्याकडे तोंड करून बसला होता. पाणी वर चढलं, तर सुटली, तेव्हा तो उठला.

संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. “बाई, मला सकाळी कळलं होतं. भिंतीतून ऐकलं. तारेतलं अक्षर बाहेर जाता कामा नये, असं बाबा नेहमी सांगतात.” मग म्हणाला, “आणि तिला मी कसं सांगणार होतो?”

मी त्याला आत बोलावलं. उन्हात उभं केल्याबद्दल माफी मागितली. सगळ्यांच्या आधी बातमी हवी असं मी म्हणाले होते, त्याबद्दलही मागितली. तो म्हणाला, “त्याचं काही नाही, बाई.” आणि मग तोच रडला. सोळा वर्षांचं पोर, दिवसभर ते एकट्याने वागवत होतं.

खुकरीची हकिकत पुढे सगळ्यांनाच कळली. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने टॉर्पेडो सोडून ती बुडवली. पाणबुड्या शोधून मारण्यासाठीच बांधलेली ही फ्रिगेट. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. काही जण वाचले होते. त्यामुळे पलीकडच्या त्या घरात बरेच महिने कुणी आशा सोडली नाही. तार मात्र पुन्हा आली नाही, पत्र आलं.

तालुक्याहून परतल्यावर हेडमास्तरांनी मुलांना जवळ बसवलं. जहाजाची बातमी आकाशवाणीने दिली की लिहायची, भावाचं नाव घरचे सांगतील तेव्हाच, त्याआधी नाही, असं सांगितलं. एका मुलाने विचारलं, “सर, बेचाळीसला तुम्ही दडवलेल्या बातम्या लिहीत होतात ना?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या बातम्या ज्यांच्या होत्या, त्यांनीच आमच्याकडे दिल्या होत्या रे.”

16 डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागती पत्करली. गावात ढोल वाजले, गूळखोबरं वाटलं गेलं. फलक पोस्टमास्तरांच्या मुलाने लिहिला, वाकड्यातिकड्या अक्षरात, कारण ती अजून शाळेत येत नव्हती. पुढे 93,000 युद्धकैद्यांचा आकडा आला, तोही त्यानेच लिहिला. दोन्ही वेळा उजवा कोपरा रिकामा राहिला. पलीकडची मुलं दोन-तीनदा चिखलात अडकली आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आली. तेव्हा तो स्वतः धक्क्यावर जाऊन तरीवाल्याकडून वेळा विचारून आणू लागला.

ती जानेवारीत परत आली. हस्तलिखिताचं काम चालू होतं. युद्धाच्या चौदा दिवसांचे फलक रोजच्या रोज एका वहीत उतरवून ठेवलेले होते, ते ‘आमचा फलक’ या सदरात घ्यायचं ठरलं होतं. तो एक दिवस वगळावा, असं मी सुचवलं. ती म्हणाली, “नको बाई. होतं तसं लिहिते.”

ते हस्तलिखित पुढे कितीतरी वर्षं शाळेच्या कपाटात होतं. निवृत्तीच्या आधी मी ते पुन्हा उघडून पाहिलं. त्या पानाला इतर पानांसारखीच लाल शाईची चौकट आहे. डाव्या कोपऱ्यात तारीख आणि वार, उजव्या कोपऱ्यात भरती आणि ओहोटी. मधली जागा कोरी आहे. अक्षर तिचंच.