त्याच्या नावावर आता काही नाही

काल दुपारी माझ्या मुलाबद्दल इथल्या, अमेरिकेतल्या पोलिसांचं पत्र आलं. दोनच ओळींचं. तुम्ही विचारलेल्या नावाची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही. टपालपेटीपाशी बर्फात उभी राहून मी ते तीनदा वाचलं आणि तिथूनच साताऱ्याला अप्पांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, तरी पहिल्याच रिंगला उचलला.

पंधरा महिने मी हे इथं लिहिलं नव्हतं. आता मुलाला विचारून लिहितेय. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मित्रांबरोबर मॉलमध्ये गेला आणि एका दुकानातून इअरबड्सचा डबा खिशात घालून बाहेर पडला. दारातच धरलं. पोलीस आले, नाव लिहिलं, फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले. प्रकरण कोर्टात गेलं नाही. आमच्या इलिनॉय राज्यात, म्हणजे शिकागो जिथं आहे तिथं, पोलिसांना ‘स्टेशन ॲडजस्टमेंट’ करता येते, म्हणजे मुलानं चूक कबूल करायची, ठरवून दिलेले तास समाजसेवा करायची आणि प्रकरण ठाण्यातच मिटवायचं. ते सगळं त्यानं केलं. घरी काय काय झालं ते आमच्यातच राहू दे.

अप्पा साताऱ्यात हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्या रात्री त्यांचा पहिला प्रश्न होता, “डायरीला नोंद झाली का गं?” चूक, संस्कार, संगत हे सगळं नंतर. चारित्र्य पडताळणीचे कागद वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखालून गेलेत. ठाण्यात चढलेलं नाव नोकरीच्या वेळी कसं आडवं येतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

इथल्या कायद्यातला जो शब्द मला वर्षभर धीर देत राहिला तो ‘आपोआप’. इलिनॉयनं २०१७ साली कायदा बदलला आणि १ जानेवारी २०१८ पासून तो लागू झाला. अल्पवयीन मुलाच्या अटकेला वर्ष उलटलं, कोर्टात काही दाखल झालं नाही आणि सहा महिने पुन्हा अटक झाली नाही, तर पोलिसांनी ती नोंद स्वतःहून नष्ट करायची, दरवर्षीच्या १ जानेवारीपर्यंत. नंतर कुणी विचारलं, तर अशी नोंद कधी नव्हतीच असं उत्तर द्यायचं.

नोंद पुसून घेण्याचा हक्क आधीही होता, पण त्यासाठी अर्ज करावा लागे. राज्याच्याच ज्युवेनाइल जस्टिस कमिशननं (बाल न्याय आयोगानं) २०१६ साली अहवाल दिला, तेव्हा त्यात दहा वर्षांत दर हजार अटकांमागे जेमतेम तीन नोंदी पुसल्या गेल्याचं निघालं. हजारात तीन! हक्क सगळ्यांना होता. पण अर्ज असतो हेच ठाऊक नाही, कोर्टाची फी परवडत नाही, आई दोन पाळ्यांत काम करते, सुट्टी कोण देणार? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे चार खेपा घातलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ‘अर्जदाराने स्वतः हजर राहावे’ या एका ओळीनं आपल्याकडे किती जणांचे हक्क कागदावरच राहिलेत! आमच्याकडे वकिलाला द्यायला पैसे होते. आम्ही अर्ज केलाच असता. म्हणूनच सांगते, हा बदल आमच्यासारख्यांसाठी नाहीच. शिकागोच्या पश्चिम आणि दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय मुलांना पोलीस आमच्या उपनगरापेक्षा कितीतरी सहज उचलतात. त्यांच्या आयांना अर्ज न करता मिळणारी ही गोष्ट आहे.

आणि हे शिकागोत व्हावं यालाही अर्थ आहे. लहान मुलांसाठीचं अमेरिकेतलं पहिलं वेगळं न्यायालय १८९९ साली इथंच सुरू झालं. समाजसेविका जेन ॲडम्सच्या हल हाऊस या सेवाकेंद्रातल्या बायकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मूल चुकलं म्हणून गुन्हेगार ठरू नये, ही मूळ कल्पना. ती नोंदवहीपर्यंत पोहोचायला एकशे अठरा वर्षं लागली.

“अमेरिकेत पोरं बिघडतात,” असं म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट. यात आपण मागे नव्हतो. आपल्या २००० सालच्या बाल न्याय कायद्यातच विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे कायदा मोडल्याचा ठपका असलेल्या मुलाची, नोंद ठरावीक मुदतीनंतर काढून टाकायची तरतूद होती, तीही तेव्हाचं जम्मू-काश्मीर सोडून सबंध देशासाठी. इथं राज्यागणिक नियम वेगळा. २०१५ च्या आपल्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की निकालात निघालेल्या प्रकरणातल्या मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करायची नाही. हे मी अप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आम्हाला हे कुणी शिकवलं नाही.”

पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला दोघांचा जीव गेला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मीही ग्रुपवर संतापून लिहिलं होतं. ते मी मागे घेत नाही. माझ्या मुलावर वेळ आली म्हणून माझं मत फिरलं असं कुणी म्हणेल. माणसं मेली, ते प्रकरण निराळं. इथंही खून आणि गंभीर लैंगिक गुन्हे या आपोआप पुसण्यात बसत नाहीत. इअरबड्सचा डबा बसावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट मात्र राज्याच्या हातात नाही. आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. व्हिसाच्या अर्जात आणि पुढे कधी नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली होती का? राज्यानं नोंद पुसली तरी तिथं खरं उत्तर द्यावं लागतं. लहान मुलांच्या कोर्टातला निकाल इमिग्रेशनच्या दृष्टीनं गुन्हा सिद्ध होणं धरत नाहीत, हे २००० सालीच ठरलंय, आणि आमचं तर तिथपर्यंतही गेलं नव्हतं. पण तेही दाखवायला कागद लागतो. म्हणून वकीलबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, नोंद नष्ट व्हायच्या आत सगळ्या कागदांच्या शिक्क्यानिशी प्रती घेऊन ठेवा.

त्या प्रती पासपोर्टच्या फाइलमध्ये आहेत. कालचं पत्र त्यांच्याच मागे लावलं. मुलगा शेजारी उभा होता. “मग हे कधी फाडायचं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “तुझ्या हातात नागरिकत्व पडलं की. मी स्वतः फाडेन.”