बरवॉशच्या दिव्याचं कॅलेंडर – अपडेट ३

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरेच दिवस गेले, पण काम चालू आहे. नव्यांसाठी थोडक्यात, ससेक्समधल्या बरवॉश गावात सेंट बार्थोलोम्यू चर्चपाशी जे युद्धस्मारक आहे त्याच्यावर एक कंदील आहे, आणि स्मारकावर नाव असलेला प्रत्येक जण ज्या तारखेला गेला त्या रात्री तो लावायची प्रथा आहे. मी त्या रात्रींचं कॅलेंडर बनवतेय.

आत्तापर्यंत 17 तारखा पक्क्या. पहिली भरली ती 27 सप्टेंबर, जॉन किपलिंग, आयरिश गार्ड्स ही रेजिमेंट, पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली लूसची लढाई, 1915. अठरावा वाढदिवस होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. डोळे अधू म्हणून आधी नाकारलेला, मग बापाने ओळखीतल्या फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकला आणि भरती झाली. बाप म्हणजे 'जंगल बुक'वाला लेखक रुडयार्ड किपलिंग, आपल्या मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. मी कॉलेजला असताना रोज त्या फाटकावरून जायचे, त्यामुळे इथे मुलाचं नाव दिसलं तेव्हा पाय हललेच नाहीत. रुडयार्डची ब्रिटिश साम्राज्याबद्दलची मतं मला अजिबात पटत नाहीत, पण मुलगा सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षं शोधत राहिलेला बाप समजतो. ओळख न पटलेल्या सैनिकांच्या थडग्यांवरचं 'नोन अन्टू गॉड' (फक्त देवाला ठाऊक) हे त्यानेच सुचवलेलं. जॉनचं थडगं म्हणून एक कबर 1992 मध्ये जाहीर झाली, तीही बाप गेल्यावर छप्पन्न वर्षांनी, आणि त्यावर वाद झालेच.

बाकीच्यांचं अवघड जातंय. साध्या सैनिकांच्या सर्व्हिस फाइल्सपैकी 60 टक्क्यांच्या आसपास 1940 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये जळाल्या, म्हणून वॉर ग्रेव्हज कमिशनचा (युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणारी संस्था) डेटाबेस, मेडल कार्ड (सैनिकाला मिळालेल्या पदकांची नोंद) आणि 1911 ची जनगणना असं तिन्ही जुळवून बघावं लागतं. नुसत्या आडनाव-इनिशियलवर शोधलं तर एकाच नावाचे चार जण येतात! एकदा मी चुकीच्या माणसाची तारीख लिहून बसले होते, आईचं नाव जनगणनेशी जुळेना तेव्हा कळलं, आता दोन पुरावे मिळाल्याशिवाय काही भरत नाही. रॉयल ससेक्स रेजिमेंटचा कोणी असेल तर 30 जून 1916 आधी तपासते, त्या दिवशी रिशबुर्गजवळ बोअर्स हेडच्या हल्ल्यात रेजिमेंटचे 366 जण मेले, सॉमची मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी.

स्मारकावरच्या नावांच्या फोटोसाठी टिप, फ्लॅश नको, ऊन तिरपं यायची वाट बघा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. आणि दगडावर खडू घासू नका, कृपया.

पुढची फेरी 27 सप्टेंबरला, संध्याकाळची. ट्रायपॉड घेऊन जातेय, कंदील लागलेला बघायचाय.