‘सगळंच काढून टाका’ या वाक्याचे उत्तर शोधताना

माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले, तेव्हा शल्यचिकित्सकांनी तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले. एक म्हणजे संपूर्ण स्तन काढणे, आणि दुसरा म्हणजे केवळ गाठ व तिच्या भोवतीचा थोडा निरोगी भाग काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार देणे. तिच्या गाठीचा आकार पाहता दोन्ही मार्गांनी आयुष्याची शाश्वती सारखीच आहे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. ताईने मात्र क्षणाचाही विलंब न लावता म्हटले, “सगळंच काढून टाका. अर्धवट काम नको.” डॉक्टरांनी आठवडाभर विचार करून सांगा, असे सुचवले आणि तो आठवडा मी या विषयावरील मूळ शोधनिबंध वाचण्यात घालवला. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे उपचार सुचवण्याचा अधिकार मला नाही, पण ‘सारखेच’ या शब्दामागे नेमके कोणते आकडे आहेत, हे तपासणे मला शक्य होते.

ताईच्या बोलण्यामागे जो तर्क होता, तो काही अडाणीपणाचा नव्हता. जवळपास पाऊण शतक वैद्यकशास्त्राचाही तोच तर्क होता. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये ५० स्त्रियांवरील आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी हे सर्व एकसंध काढले जाई. कर्करोग गाठीपासून शेजारच्या भागात, तेथून काखेत आणि मग पुढे शरीरभर अशा क्रमाने सरकतो, अशी त्यांची धारणा होती. धारणा ती असेल, तर जितके लांबवर कापू तितके रोगाच्या पुढे राहू, हा निष्कर्ष ओघानेच येतो. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात स्तन न काढता रेडियमच्या सुया वापरून उपचार केले आणि त्यांचे परिणाम चांगले असल्याचे १९३७ मध्ये मांडले, तरी प्रस्थापित पद्धत तसूभरही हलली नाही. त्यांच्या निरीक्षणांना तुलनेचा आधार नव्हता, हे त्याचे एक कारण मानता येईल. पण तुलनेचा आधार हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेलाही नव्हता, हे तेव्हा फारसे कोणी बोलून दाखवले नाही.

ती तुलना अखेर १९७१ मध्ये सुरू झाली. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील गटाने ‘बी-०४’ नावाची चाचणी हाती घेतली. कोणत्या स्त्रीला कोणता उपचार मिळेल, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपवले गेले. ज्यांच्या काखेत हाताला गाठी लागत नव्हत्या, अशा स्त्रियांचे तीन गट केले गेले. एका गटात हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया, दुसऱ्यात फक्त स्तन काढून किरणोपचार, आणि तिसऱ्यात फक्त स्तन काढून काखेला हातच न लावणे. पुढे काखेत रोग दिसलाच, तर तेव्हा त्या ग्रंथी काढायच्या, असे तिसऱ्या गटासाठी ठरले होते.

या चाचणीतील एका आकड्यापाशी मी फार वेळ थांबले. ज्या गटातील सर्व ग्रंथी काढून तपासल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग आढळला. गट योगायोगाने केलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही साधारण तितक्याच स्त्रियांच्या काखेत रोग असणार, आणि तो तसाच मागे ठेवला गेला होता. तरीही त्या गटातील जेमतेम १९ टक्के स्त्रियांना पुढे काखेची शस्त्रक्रिया करावी लागली. २५ वर्षांनंतरही तिन्ही गटांच्या जगण्याच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. काखेतल्या ग्रंथी म्हणजे रोगाला अडवणारी वेस नव्हे, आणि जीवघेणा प्रसार व्हायचा असेल तर तो बहुधा शस्त्रक्रियेच्या आधीच रक्तावाटे होऊन गेलेला असतो, हे फिशर यांचे म्हणणे या निकालातून बळकट झाले. “काही पेशी मागे राहिल्या तर?” हा ताईचा पहिला प्रश्न होता. त्याचे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर या चाचणीत आहे.

त्यानंतरचा प्रश्न स्तन ठेवण्याचा होता. इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात, गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असलेल्या ७०१ स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या स्त्रियांना हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया मिळाली, तर निम्म्यांच्या स्तनाचा सुमारे चतुर्थांश भाग काढून किरणोपचार देण्यात आले. २० वर्षांनंतर स्तन ठेवलेल्या ३५२ स्त्रियांपैकी ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा रोग झाला, आणि स्तन काढलेल्या ३४९ पैकी ८ जणींना त्या जागी रोग उलटला. मृत्यूचे प्रमाण मात्र अनुक्रमे ४१.७ आणि ४१.२ टक्के, म्हणजे जवळजवळ तेच राहिले. फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ‘बी-०६’ चाचणीत ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या आणि तीन गट होते. संपूर्ण स्तन काढलेल्यांपैकी ४७ टक्के, फक्त गाठ काढलेल्यांपैकी ४६ टक्के आणि गाठ काढून किरणोपचार दिलेल्यांपैकी ४६ टक्के स्त्रिया २० वर्षांनंतर हयात होत्या. परंतु फक्त गाठ काढलेल्या गटात ३९.२ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग उलटला, तर किरणोपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण १४.३ टक्के होते.

हे आकडे आज जसेच्या तसे कोणाला लागू करू नयेत. तेव्हाची इमेजिंगची साधने, तेव्हाची औषधे आणि आजची यांत मोठे अंतर आहे; अलीकडच्या चाचण्यांत किरणोपचारानंतर दहा वर्षांत स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास दिसते. मला महत्त्वाची वाटते ती या आकड्यांमधील तुलना.

‘बी-०६’ चाचणीबाबत एक दुःखद प्रकरणही घडले. माँट्रियलमधील एका सहभागी शल्यचिकित्सकाने काही स्त्रियांच्या नोंदींत फेरफार करून त्यांना चाचणीत बसवल्याचे १९९४ मध्ये जगजाहीर झाले. ज्या स्त्रियांनी या संशोधनाच्या भरवशावर स्तन राखण्याचा निर्णय घेतला होता, त्यांना त्या वेळी काय वाटले असेल, याची कल्पनाही मला अस्वस्थ करते. त्या केंद्रातील सर्व रुग्ण वगळून संपूर्ण विश्लेषण पुन्हा करण्यात आले, आणि निष्कर्ष तोच आला. मिलानच्या चाचणीत तर वेगळा देश, वेगळे डॉक्टर, थोडी वेगळी शस्त्रक्रिया होती आणि तरीही निकाल तोच होता. एकाच प्रश्नाची चाचणी अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे का व्हावी लागते, हे विद्यार्थ्यांना समजावताना मी आता हेच उदाहरण देते.

ताईचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. “जगण्यात फरक पडत नाही म्हणतेस, तर मग रेडिएशन तरी कशाला घ्यायचं?” बी-०६ चे आकडे पाहिले, तर हा प्रश्न अगदी रास्त आहे. किरणोपचाराने स्तनातील रोग निम्म्याहून कमी झाला, पण आयुष्य वाढल्याचे तेथे दिसत नाही. येथे संख्याशास्त्राचा भाग येतो. तीन-चार टक्क्यांचा फरक असेल, तर तो काही शे स्त्रियांच्या गटांत योगायोगाच्या चढउतारांखाली झाकला जातो. तो दिसण्यासाठी हजारो स्त्रियांची माहिती एकत्र करावी लागते. ऑक्सफर्ड येथून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने नेमके हेच केले. १७ चाचण्यांमधील १०,८०१ स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार न घेतलेल्या स्त्रियांत दहा वर्षांत रोग पहिल्यांदा उलटण्याचे प्रमाण, मग तो शरीरात कुठेही असो, ३५.० टक्के होते आणि घेतलेल्यांत १९.३ टक्के. पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले. म्हणजे रोग उलटण्याचे साधारण चार प्रसंग टळले, की त्यामागे एक मृत्यू टळतो. म्हणून गाठ काढून झाल्यावर बरे वाटते आहे, जखम भरली आहे, या समाधानात किरणोपचार टाळणे किंवा अर्धवट सोडणे मला फार चिंतेचे वाटते. डॉक्टरांनी ज्याला ‘सारखेच’ म्हटले, ते केवळ गाठ काढणे नव्हे, तर गाठ काढणे आणि किरणोपचार या दोहोंची जोडी होती.

याउलट टोकाचा दावाही वाचनात आला. अलीकडच्या काही मोठ्या नोंदवह्यांच्या अभ्यासांत, उदाहरणार्थ स्वीडनमधील सुमारे ४९ हजार स्त्रियांच्या २०२१ च्या अभ्यासात, स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्यांपेक्षा अधिक जगल्याचे दिसते. संशोधकांनी शिक्षण, उत्पन्न, इतर आजार यांचा हिशेब करूनही फरक उरला. असे अभ्यास मोलाचे आहेत, पण येथे उपचाराची निवड योगायोगाने झालेली नसते. कोणाला कोणता उपचार सुचवला गेला आणि कोणी कोणता पत्करला, यामागे नोंदवहीत न उतरलेली अनेक कारणे असतात. त्यामुळे स्तन राखणे अधिक चांगले, असे मी ताईला सांगितले नाही. ते कमी सुरक्षित नाही, एवढेच सांगितले.

काखेच्या बाबतीतही संशोधनाचा प्रवास त्याच दिशेने झाला. पूर्वी सरसकट सर्व ग्रंथी काढल्या जात आणि अनेकींचा हात आयुष्यभर सुजलेला राही. आता रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून काखेतील पहिल्या एक-दोन ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, शोधून तेवढ्याच तपासतात. त्यांत रोग आढळला तरी दर वेळी काख रिकामी करावी लागत नाही. युरोपातील ‘अ‍ॅमारोस’ चाचणीत अशा स्त्रियांना काखेच्या शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार दिले, तेव्हा पाच वर्षांनी हाताला सूज असण्याचे प्रमाण २३ टक्क्यांऐवजी ११ टक्के होते आणि रोगावरील नियंत्रण दोन्हीकडे चांगले राहिले.

ताईला सर्वांत धास्ती होती ती रोजच्या फेऱ्यांची. वर्षानुवर्षे किरणोपचार २५ सिटिंगमध्ये, पाच आठवडे, एकूण ५० ग्रे (ग्रे हे शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेत दिले जात. मात्रा बारीक तुकड्यांत विभागली तर निरोगी ऊतींना सावरायला वेळ मिळतो, हा त्यामागचा विचार होता. ब्रिटनमधील ‘स्टार्ट-बी’ चाचणीने ४० ग्रे, १५ सिटिंग, तीन आठवडे असा आराखडा तपासला. दहा वर्षांनंतर रोग उलटण्याचे प्रमाण त्यात ४.३ टक्के आणि जुन्या आराखड्यात ५.५ टक्के होते, शिवाय त्वचा व स्तनाच्या ऊतींवरील दुष्परिणामही कमी होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत तर एका आठवड्यात पाच सिटिंगमध्ये २६ ग्रे दिले गेले, आणि पाच वर्षांचे निकाल तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा वाईट ठरले नाहीत.

पाच वर्षांच्या निकालांकडे मी मात्र थोडे हात राखून पाहते, आणि त्याचे कारण वयस्क स्त्रियांवरील ‘प्राइम-टू’ चाचणीत सापडते. वय ६५ किंवा अधिक, गाठ लहान, काखेतील ग्रंथींत रोग नाही आणि हार्मोनविरोधी गोळ्या चालू, अशा १,३२६ स्त्रियांपैकी निम्म्यांना किरणोपचार दिले नाहीत. पाच वर्षांनी स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण किरणोपचारांसह १.३ आणि त्यांविना ४.१ टक्के होते. दहा वर्षांच्या माहितीवर पुन्हा केलेल्या विश्लेषणात ते ०.९ आणि ९.५ टक्के आले. एकूण हयात राहण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ८१ टक्केच होते, त्यामुळे अशा स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलून किरणोपचार टाळणे हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. फक्त तो घेताना त्यांच्यापुढे दहा वर्षांचा आकडा असायला हवा, आणि गोळ्या नियमित घेतल्या जाणार आहेत का, हेही विचारले जायला हवे. ताई ५८ वर्षांची असल्याने तिच्यापुढे हा पर्याय नव्हताच.

तिने अखेर स्तन राखण्याचा निर्णय घेतला. काढलेल्या गाठीच्या कडांना शाई लावून तपासणी झाली, शाईपर्यंत रोग पोहोचलेला नव्हता, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. उरली होती ती डाव्या बाजूची चिंता, कारण त्या बाजूला हृदय असते. साराह डार्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या नोंदींवरून दाखवले आहे, की हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेत १ ग्रेची वाढ झाली, की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ सापेक्ष आहे, हे मी ताईला कागदावर मांडून दाखवले. मूळ धोका शंभरात ४ असेल, तर १ ग्रेमुळे तो सुमारे ४.३ होतो, ११.४ नव्हे. तरीही जितकी मात्रा टाळता येईल तितकी टाळावी, म्हणून दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरायला शिकवतात. फुप्फुस फुगले की हृदय छातीच्या भिंतीपासून थोडे मागे सरकते आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होते. ताई सकाळ-संध्याकाळ पलंगावर आडवी पडून वीस सेकंद श्वास धरण्याचा सराव करू लागली आणि सेकंद मोजण्याचे काम माझ्याकडे आले. पंधराही सिटिंगमध्ये तिचा श्वास एकदाही मध्ये सुटला नाही.