मीटर बरोबर होता

एप्रिलात सोलापुरात बंपर काढायचा तर नऊच्या आत काढावा, नंतर पत्र्याला हात लागत नाही. त्या रविवारी मी साडेसातलाच विडी घरकुलात पोचलो. पुण्याला असलेल्या मुलाने वडिलांच्या गाडीसाठी विंडटोन हॉर्नचा जोड मागवून घरी पाठवला होता, एक बारीक आवाजाचा आणि एक जाड. फोनवर म्हणाला, कंपनीचा हॉर्न पप्पांना फार कमी वाटतो, घरीच जाऊन बसवून द्या.

काका सत्तरीचे. चौतीस वर्षं यंत्रमागावर काढलेली, चादरीच्या कारखान्यात. 2020 ची पेट्रोल गाडी कडुलिंबाखाली उभी, लख्ख पुसलेली.

हॉर्नची तक्रार आली की मी आधी मीटर लावतो. पुष्कळदा हॉर्न चांगला असतो आणि अर्थिंग गंजलेलं असतं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट असतात, पण वाजताना हॉर्नपर्यंत नऊच पोचतात, मग त्याचा घसा बसतो. बोल्टखालचा गंज आणि रंग खरवडून परत आवळलं की जुनाच हॉर्न खणखणीत वाजतो आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाचतो. इथे बॅटरीवर 12.5 आणि हॉर्नच्या कपलरवर, वाजताना, 11.9. कुठेच काही अडत नव्हतं. शेजारच्या ओट्यावरचं पोरगं कानांवर हात ठेवून आत पळालं. काका म्हणाले, “बघ की, मांजरासारखा वाजतोय.”

तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मोठ्या आवाजाची हौस असलेली माणसं मला रोज भेटतात, हेही त्यातलेच असं मी धरून चाललो. दहाचा पाना घेतला आणि बॅटरीचा मायनस काढला.

काम मात्र जीव लावून केलं. असे दोन हॉर्न मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात, आणि कंपनीची वायर एका लहान हॉर्नच्या हिशोबाने टाकलेली असते. बरेच जण तीच वायर सोलतात, पिळतात, वर काळी टेप गुंडाळतात आणि पैसे घेऊन जातात. पहिल्या पावसात तो जोड हिरवा पडतो. असे जोड उकलण्यात माझे कितीतरी दिवस गेलेत. मी रिले टाकतो, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या 85 आणि 86 नंबरच्या पिनांना, म्हणजे स्टीअरिंगवरच्या बटणाला फक्त रिले ओढायचं काम उरतं. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी अडीच एमएमची वायर 30 ला, आणि 87 मधून हॉर्नला. त्या वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतरात 20 अँपिअरचा फ्यूज. तो बॅटरीजवळच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासून बॉडीला टेकली तर ती पेटेपर्यंत अडवणारं काही नसतं. वायरींच्या टोकांना थिंबल दाबून बसवले, वर स्लीव्ह तापवली. हॉर्नची तोंडं खाली झुकती ठेवली, नाहीतर जूनमध्ये आत पाणी साचतं. हॉर्न कुठे लोखंडाला टेकत नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. टेकला की आवाज फाटतो. बंपरची एकही क्लिप तुटली नाही.

या सगळ्यात दोनदा बॉनेटखालून हाक मारली, “काका, बटण दाबा.” काका सीटवर बसलेले, पण हालचाल नाही. डोकं वर काढून हाताने खूण केली तेव्हा दाबलं. लक्ष नसेल, एवढंच वाटलं.

शेवटी दोन्ही सूर एकदम निघाले. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. काका म्हणाले, “हां, आता थोडं बरंय.”

थोडं!

“आलाच आहेस तर मागचा सेन्सर पण बघ की. कधीचा बंद आहे.” मागच्या बंपरचा उजवा कोपरा खरचटलेला होता, त्यावर निळा आणि पिवळा असे दोन भिंतींचे रंग. मी त्यांना गाडी चालू करून, ब्रेक दाबून रिव्हर्स गिअर टाकायला सांगितलं आणि मागून प्लास्टिकची बादली हळूहळू जवळ नेली. बीप सुरू झाली, भरभर होत गेली, मग सलग वाजायला लागली. मला गाडीबाहेर स्वच्छ ऐकू येत होती. काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली. “बघ, आहे का आवाज?”

मी दाराशी गेलो. हात लागून डावा इंडिकेटर चालू झाला होता, त्याची टिकटिक चाललेली. त्यांना त्याचाही पत्ता नव्हता. सकाळपासून ते माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागाच्या खात्यात धोटे आपटत असताना माणसं अशीच बोलतात, ओठांवरून. आणि त्या खडखडाटात आधी जातात ते बारीक, उंच आवाज.

मी खिडकीशी वाकून, तोंड त्यांच्यासमोर धरून सांगितलं, “काका, सेन्सर चालू आहे. आत्ता वाजतोय.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गाडी बंद केली. थोड्या वेळाने म्हणाले, “माग सोडून नऊ वर्षं झाली. कानातला काही बंद होत नाही.” काकू दारातच उभ्या होत्या, त्यांना हे नवीन नव्हतं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या, मशीन लावून सगळं कळतं, असं मी दोघांनाही सांगितलं. मजुरी नको म्हटलं तर काकांनी पाचशेची नोट खिशात कोंबली.

मला अजून सलतंय ते 11.9. मीटरने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं की गाडीत दोष नाही. त्यांचा हॉर्न लोकांना आधीही ऐकू येत होता. पोचत नव्हते ते लोकांचे हॉर्न, हैदराबाद रोडवरच्या ट्रकचे, त्यांच्यापर्यंत. त्यावरचं काही माझ्या पेटीत नाही, आणि मी तीन तास खपून भलतीच गोष्ट मोठी करून ठेवली.

त्याच रात्री मुलाला फोन करून सगळं सांगितलं. रिव्हर्स कॅमेरा आणि स्क्रीन बसवून घ्या, त्यांची नजर चांगली आहे, हेही बोललो. त्याने खर्च विचारला. “सुट्टीत आलो की कान दाखवतो,” म्हणाला.

परवा काका अशोक चौकात दिसले. मला बघून हॉर्न दिला, दोन्ही सूर स्वच्छ. मी हात केला, ओरडलोही. त्यांनी हसून हात केला आणि सरळ पुढे गेले. डावा इंडिकेटर चालूच होता.