तिकीट कोणाला द्यायचं? आधी टीम, मग माणूस

हेल्प डेस्कमध्ये ऑटो-असाइनमेंट (आलेलं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, आपोआप कोणाकडे तरी सोपवणं) चालू करायचं ठरलं की लगेच वाद सुरू होतो: राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येकाला एक, ठेवायचं की ज्याच्याकडे कमी तिकिटं त्याला द्यायचं? हा वाद नंतरचा. तिकीट कोणत्या टीमचं हे आधी ठरायला हवं. टीम चुकली तर वाटणी कितीही समान असो, टोलवाटोलवी होणारच, आणि दर वेळी ते तिकीट नव्या टीमच्या रांगेत जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाट बघणार. दहा मिनिटांचं काम दोन दिवस लोळत पडतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून एकही नियम लिहिण्याआधी एक आकडा काढा: गेल्या तीन महिन्यांत बंद झालेल्या तिकिटांपैकी किती तिकिटांची टीम एकदाही बदलली नाही? सर्व्हिसनाऊ या हेल्प डेस्क सॉफ्टवेअरमध्ये 'रिअसाइनमेंट काउंट' (तिकीट किती वेळा हात बदललं) हे फील्ड असतं, पण तिकिटाचा इतिहास उघडून तपासणं जास्त खात्रीचं. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट या दुसऱ्या टूलमध्येही इतिहासातूनच काढावं लागतं. हा आकडा हाताशी नसेल तर ऑटोमेशनने काम सुधारलं की बिघडलं हे पुढे कळणारच नाही.

निम्मं काम फॉर्मवरच होऊ शकतं. 'अडचण कशात आहे' हा एकच ड्रॉपडाउन ठेवा, पर्याय आठ-दहाच्या वर जाऊ देऊ नका आणि सुरुवातीला तो रिकामा ठेवा. आधीच काहीतरी निवडलेलं असेल तर घाईतला माणूस ते तसंच सोडून पुढे जातो. पर्यायांना टीमची नावं देऊ नका. 'नेटवर्क ऑपरेशन्स' म्हणजे काय हे तक्रार करणाऱ्याला ठाऊक नसतं, 'इंटरनेट किंवा व्हीपीएन' मात्र लगेच कळतं.

आता शब्दांवर चालणारे नियम. हे एक तिकीट घ्या: 'व्हीपीएन लावला की प्रिंटर दिसत नाही.' प्रिंटरचा नियम वर असेल तर ते हार्डवेअरकडे जाईल, व्हीपीएनचा वर असेल तर नेटवर्ककडे. अशा तक्रारीचं नेहमीचं कारण फुल टनेल असतं: व्हीपीएन चालू झाला की सगळा ट्रॅफिक कंपनीच्या नेटवर्ककडे वळतो आणि शेजारच्या नेटवर्कवरच्या प्रिंटरपर्यंत पोचताच येत नाही. हार्डवेअरवाला ड्रायव्हर काढून पुन्हा टाकेल, तासभर घालवेल आणि शेवटी तिकीट नेटवर्ककडेच पाठवेल. त्यामुळे क्रम लावताना 'कधी घडतं' हे सांगणारे शब्द वर घ्या (व्हीपीएन, अपडेटनंतर, नवीन लॅपटॉप) आणि 'काय दिसतं' ते सांगणारे खाली (प्रिंटर, स्लो, उघडत नाही). हा क्रम सगळी तिकिटं पकडणार नाही, पण चुकांचा मोठा गठ्ठा इथेच कमी होतो.

तुमचं टूल हा क्रम कसा वाचतं तेही बघून घ्या, कारण टूलगणिक फरक पडतो. सर्व्हिसनाऊच्या असाइनमेंट रूल्समध्ये जो नियम आधी जुळतो तोच लागतो. ऑस-टिकेटमध्ये फिल्टर जुळल्यावर पुढचे फिल्टर थांबवायचे की नाही ते तुम्हाला ठरवावं लागतं. झेनडेस्कचे ट्रिगर (तिकीट आलं किंवा बदललं की चालणारे नियम) वरून खाली सगळे तपासले जातात, म्हणजे खालचा ट्रिगर वरच्याने लावलेली टीम बदलू शकतो. तिथे प्रत्येक असाइनमेंट ट्रिगरला 'ग्रुप (म्हणजे टीम) रिकामा असेल तरच' ही अट लावायलाच हवी. ती नसली तर एजंटने हाताने बदललेली टीमही पुढच्या अपडेटला परत फिरते, आणि दोष एजंटवर येतो.

ईमेलवरून येणाऱ्या तिकिटांत नियम लावण्याआधी मजकूर साफ करा. सही, जुन्या उत्तरांचे उतारे आणि खालची कायदेशीर सूचना कापून टाका. 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका' अशी ओळ प्रत्येक ईमेलखाली असेल तर पासवर्डचा नियम सगळीच तिकिटं गोळा करेल. 'मी रजेवर आहे' छापाची आपोआप येणारी उत्तरं ईमेलसोबत येणाऱ्या, न दिसणाऱ्या माहितीतल्या 'ऑटो-सबमिटेड' हेडरवरून ओळखता येतात (आरएफसी ३८३४ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज, २००४). त्यांच्यावरून तिकीट उघडू नका आणि त्यांना पोचपावतीही पाठवू नका, नाहीतर दोन यंत्रं रात्रभर एकमेकांना उत्तरं देत बसतील.

नियमांची संख्या शंभराच्या आसपास गेली की जुन्या तिकिटांवरून टीम ओळखणारं मॉडेल शिकवणं सोपं पडतं. त्यासाठी मोठं भाषा मॉडेल लागतंच असं नाही. टीएफ-आयडीएफ (कोणता शब्द किती महत्त्वाचा ते आकड्यात मांडणं) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या आकड्यांवरून टीमचा अंदाज बांधणारी साधी पद्धत) एवढ्यावर चांगली सुरुवात होते. शब्दांऐवजी तीन ते पाच अक्षरांचे तुकडे घेतले तर चुकीचं स्पेलिंग आणि मिश्र भाषाही बऱ्यापैकी झेपते. शिकवताना बरोबर उत्तर म्हणून तिकीट जिथे सुटलं ती टीम घ्या, जिथे पहिल्यांदा गेलं ती नको. पहिली टीम घेतली तर मॉडेल तुमच्याच जुन्या चुका इमानेइतबारे शिकेल. नाव बदललेल्या किंवा विलीन झालेल्या टीम आधी आजच्या नावांवर आणा. चाचणी मात्र तारखेनुसार करा: जुन्या महिन्यांवर शिकवा, शेवटच्या महिन्यावर तपासा. यादृच्छिक वाटणी केली तर एकाच बिघाडाची जवळपास सारखी तिकिटं दोन्हीकडे पडतात आणि निकाल फुगून दिसतो.

मॉडेलला सरसकट अधिकार देऊ नका. खात्री ०.८ च्या वर असेल तर थेट असाइन, ०.५ ते ०.८ मध्ये फक्त सुचवणी, त्याखाली माणसाकडे. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत, आपल्या डेटावर बदलून घ्या. पहिले दोन आठवडे मॉडेलचं उत्तर वेगळ्या, लपवलेल्या फील्डमध्ये लिहू द्या आणि तिकीट प्रत्यक्षात कुठे सुटलं त्याच्याशी ताडून बघा.

आता माणूस. राउंड रॉबिन साधं आहे, पण पासवर्ड रीसेट आणि सर्व्हर बंद पडणं दोन्ही त्याच्या लेखी सारखंच. तिकिटांना वजन द्या: रीसेटला १, व्हीपीएनला २, नवीन लॅपटॉपला ४, आणि एका माणसाची मर्यादा समजा १२. ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेलं तिकीट अर्ध्या वजनाने धरा.

'सर्वात कमी भार' या पद्धतीचे दोन दोष हमखास भोवतात. रजेवरून परतलेल्या माणसाचा भार शून्य असतो, त्यामुळे सकाळची सगळी नवीन तिकिटं त्याच्याच डोक्यावर येतात. त्यावर एका तासात तीनपेक्षा जास्त नवीन तिकिटं नाहीत, अशी अट घाला. दुसरा दोष माणसांच्या वागण्यातला: जो पटापट तिकिटं बंद करतो त्यालाच जास्त काम मिळतं, म्हणून सुटलेली तिकिटंही लोक उघडी ठेवू लागतात. दिवसभरात सोडवलेलं कामही भारात धरलं की हे बरंच कमी होतं. आणि ही व्यवस्था स्वतः लिहिणार असाल तर लॉक (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं) विसरू नका. एकाच क्षणी आलेली दोन तिकिटं एकच जुना भार वाचतात आणि दोन्ही एकाकडेच जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आधी टीमची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरा, त्यानंतरच एजंटचे भार वाचा, निवडलेल्याचा भार वाढवा आणि मगच ती सोडा.

कुठेच न बसणारी तिकिटं एका व्यक्तीच्या नावावर टाकू नका. ती ट्रायाज (माणसाने बघून वाटायच्या तिकिटांच्या) रांगेत जाऊ द्या, प्रत्येक शिफ्टला तिचा मालक ठरवा, आणि १५ मिनिटांत कोणी हात लावला नाही तर शिफ्ट लीडला सूचना जाऊ द्या.

रीओपन झालेलं, म्हणजे बंद करून पुन्हा उघडलेलं, तिकीट जुन्या माणसाकडे जाणं योग्यच, त्याला संदर्भ माहीत असतो. पण त्याचं खातं बंद झालेलं असेल तर टूलनुसार तिकीट त्याच नावावर पडून राहतं आणि सूचना कोणालाच जात नाही. म्हणून रीओपनच्या नियमात खातं चालू आहे का आणि माणूस शिफ्टवर आहे का, या दोन्ही अटी तपासा. त्यातली एक जरी पूर्ण होत नसेल तर नाव काढून टाका, टीम तशीच ठेवा आणि तिकीट त्या टीमच्या रांगेत मूळ तारखेनेच लावा.