हनुवटीवरचे तीन केस

माझ्या सोनोग्राफीच्या अहवालात अंडाशयात ‘गाठी’ असल्याचे ऐकताच सासूबाईंचा चेहरा उतरला, कारण गाठ म्हटले की त्यांना एकच आजार आठवतो. मला होता पीसीओएस, म्हणजे ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ हा संप्रेरकांचा (हार्मोनचा) बिघाड, आणि त्यातल्या त्या खरे तर गाठी नसतातच. पूर्ण वाढ न झालेल्या बीजकोशांच्या त्या इवल्याशा पिशव्या असतात. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतील हे चित्र यांपैकी दोन गोष्टी आढळल्या व तशीच लक्षणे दाखवणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली, की निदान होते. सासूबाईंना हे पाच मिनिटांत पटले. नवऱ्याला जे सांगायला हवे होते, त्याला मात्र मी चार वर्षे लावली.

त्याच पुरुषी संप्रेरकांमुळे माझ्या हनुवटीखाली, डाव्या बाजूला, तीन राठ केस उगवतात. नवरा उठण्यापूर्वी मी बाथरूमची कडी लावून, प्लकर हातात धरून आरशासमोर उभी राहत असे आणि दिवसभरात नकळत कितीदा तरी तिथे बोट फिरवून पाहत असे. त्याने गालाला हात लावला की मी मान वळवी. दिवा मालवल्याखेरीज त्याला जवळ येऊ देत नसे. मी लपवत होते ते केस, आणि त्याची समजूत अशी झाली की मला तोच नकोसा झाला आहे.

पाळी कधी ४५ दिवसांनी येई, कधी ७०. ती लांबली की चाचणीचे किट आणले जाई, त्यावर एकच रेघ उमटे, आणि तो म्हणे, “होईल गं.” ते दोन शब्द मला हिशेब मागितल्यासारखे लागत. पीसीओएस म्हणजे वंध्यत्व नव्हे, बीज दर महिन्याला वेळेवर बाहेर पडत नाही एवढेच, आणि त्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधे आहेत, हे मला तोंडपाठ होते. तरीही ती रेघ पाहताना त्यातले काहीच उपयोगी पडत नसे.

वजन उतरवण्याचा सल्ला तर ज्याने त्याने दिला. तो खोटा नाही, कारण वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी अनेकींची पाळी सुधारते. पण शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल तर तेच वजन उतरता उतरत नाही, हे सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसते. नवऱ्याने निदानानंतर माझा प्रत्येक राग हार्मोनच्या खात्यावर मांडायला सुरुवात केली, याचाही मला संताप येई. (ओला टॉवेल पलंगावर टाकल्याचा राग हार्मोनमुळे येत नाही.)

एका सकाळी त्याने दाराबाहेरूनच विचारले, “रोज इतका वेळ आत काय करतेस?” मी कडी काढली आणि मूठ उघडून प्लकर दाखवला. त्याने तो उचलून, उलटसुलट करून पाहिला.

“मला वाटायचं, तू रडतेस.”

कधी कधी रडतही होते. ते मात्र मी त्या दिवशी सांगितले नाही.